जेवढं बंद करणार तेवढंच उघडा: जुन्या अल्टरनेटरच्या रिमॅनचं प्लॅनिंग कसं करायचं

भोसरीत आमचा छोटा गाळा आहे. सहा माणसं, एक लेथ, एक धुण्याचा टब, एक भट्टी आणि एक टेस्ट बेंच. गाड्यांचे जुने अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) घ्यायचे, पार खोलायचे, टिकेल ते ठेवायचं, झिजलेलं बदलायचं आणि वॉरंटी लावून परत विकायचे, हा धंदा. पुस्तकात याला रिमॅन्युफॅक्चरिंग म्हणतात, आम्ही नुसतं रिमॅन म्हणतो. हल्ली सर्क्युलर इकॉनॉमीवर, म्हणजे वापरलेली वस्तू टाकून न देता परत वापरात आणण्यावर, खूप बोललं जातं पण गाळ्यात सोमवारी सकाळी नक्की काय करायचं, किती जुना माल उघडायचा, हे कोणी सांगत नाही म्हणून हा लेख.

मी आधी नवीन पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत पीपीसीला, म्हणजे उत्पादनाच्या प्लॅनिंगला, होतो. तिथलं गणित सोपं, ऑर्डर आली की बीओएम (लागणाऱ्या पार्टची यादी) फोडायचा, स्टॉक वजा करायचा, उरलेलं मागवायचं. इथेही तेच चालेल असं वाटलं आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो. झालं असं की दिवाळीच्या आधी काम कमी होतं, पोरं रिकामी बसण्यापेक्षा यार्डातले सगळे कोअर खोलून ठेवा म्हटलं. (कोअर म्हणजे परत आलेला जुना अल्टरनेटर, हा शब्द पुढे सारखा येणार आहे.) चार दिवसात १८० खोलले. गाळाभर रोटर (आतला फिरणारा भाग), स्टेटर (त्याभोवतीची तांब्याच्या तारेची स्थिर गुंडाळी), ब्रॅकेट (पुढचं-मागचं बाहेरचं झाकण), आणि मला वाटलं काय काम झालंय! दिवाळीनंतर ऑर्डर आली ती भलत्याच मॉडेलची. वर दोन मॉडेलचे पुढचे ब्रॅकेट दिसायला अगदी सारखे, फक्त माउंटिंगचा कान थोडा सरकलेला, आणि ते एकाच क्रेटमध्ये गेलेले. खोललेल्या रोटरच्या शाफ्टवर गंज चढला. न उघडलेला कोअर विकता तरी आला असता, उघडलेला मात्र भंगारातच जातो. तेव्हापासून भिंतीवर खडूने लिहिलंय, जेवढं बंद करणार तेवढंच उघडा. या लेखातलं बाकी सगळं त्या एका ओळीचंच गणित आहे.

आधी एक फरक

रिपेअर म्हणजे जे बिघडलंय तेवढं नीट करणं, गिऱ्हाइकाचा त्यालाच परत. रिमॅन म्हणजे पूर्ण खोलून, प्रत्येक पार्ट तपासून, नव्यासारखा चालेल असा परत बांधणं. ब्रिटनच्या बीएस ८८८७ या स्टँडर्डमध्ये २००९ साली जी व्याख्या दिलीय त्यात दोन अटी आहेत, कामगिरी निदान मूळच्याइतकी हवी आणि वॉरंटी निदान नव्याइतकी हवी. दुसरी अट लोक सोयीने विसरतात. रंग मारून तीन महिन्यांची वॉरंटी देणं म्हणजे रिमॅन नाही.

कल्पना काही नवी नाही. फ्रान्समध्ये रेनोने पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-र्वा इथे १९४९ पासून जुनी इंजिनं नव्याने बांधायला सुरुवात केली, कॅटरपिलर १९७३ पासून करतंय. आपल्याकडे टाटा मोटर्सचं प्रोलाइफ आहे, जुनं द्या आणि नव्याने तयार केलेलं घ्या या पद्धतीचं. मोठ्यांकडे त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, माणसं आहेत. छोट्याने एक्सेलवर कसं करायचं ते बघू.

अमेरिकेतले प्राध्यापक डॅनियल गाइड यांनी २००० साली रिमॅनच्या प्लॅनिंगमधल्या सात अडचणी मांडल्या होत्या. आमच्या गाळ्यात त्यातल्या तीन रोज भेटतात: कोअर कधी आणि किती येणार माहीत नसतं, उघडल्यावर त्यातून काय निघणार माहीत नसतं, आणि निघालेल्या पार्टवर किती काम लागणार तेही माहीत नसतं. नवीन माल बनवताना या तिन्ही गोष्टी कागदावर पक्क्या असतात म्हणून तिथली पद्धत इथे जशीच्या तशी बसत नाही.

पहिली पायरी, कुठले मॉडेल घ्यायचे

सगळे घेऊ नका. पाच-सहा मॉडेलवर थांबा. मॉडेल निवडताना मी तीन प्रश्न विचारतो. त्याचे कोअर महिन्याला नियमित मिळतात का? नव्याची किंमत इतकी आहे का की गिऱ्हाईक रिमॅनचा विचार करेल? आणि आतले बदलायचे पार्ट, म्हणजे बेअरिंग, ब्रश (रोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा), डायोड प्लेट (एसीचं डीसी करणारी) हे बाजारात सुटे मिळतात का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच मॉडेल गळतात. लुकास टीव्हीएस आणि बॉशचे जे अल्टरनेटर पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षं लागतायत त्यांना सुटं सामान मिळतं. एखाद्या महागड्या गाडीचा अल्टरनेटर दिसायला फायद्याचा वाटतो पण वर्षाला त्याचे चार कोअर आणि तीन गिऱ्हाइकं, त्यावर प्लॅनिंग होऊच शकत नाही.

एक सूचना. बीएस-सहा हे गाड्यांच्या धुराचे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सांगतो किती चार्ज करायचं ते. हे जुन्या टेस्ट बेंचवर लावले तर चांगला असूनही बंद दाखवतो किंवा खराब असूनही ठीक दाखवतो. बेंच त्याच्याशी बोलू शकत नसेल तर तो मॉडेल घेऊच नका, वॉरंटीत मार खाल.

दुसरी पायरी, कोअर आणायचे कुठून आणि दारातच ग्रेड कसे करायचे

कोअरचे दोन रस्ते आहेत. एक, विकत घेणं, गॅरेजवाल्यांकडून किंवा भंगारातून. चिखलीजवळ कुदळवाडी हे भंगाराचं मोठं ठिकाण होतं, २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या गोडाऊनांवर कारवाई झाली आणि व्यापारी इकडेतिकडे विखुरले, असं झालं की एका जागेवर अवलंबून असलेल्याची पंचाईत होते म्हणून निदान तीन ठिकाणं ठेवा. दुसरा रस्ता एक्सचेंज. रिमॅन अल्टरनेटर विकताना वर डिपॉझिट घ्यायचं आणि जुना आणून दिला की परत करायचं.

डिपॉझिट किती ठेवायचं यात गंमत आहे. अल्टरनेटरमध्ये तांबं असतं, अॅल्युमिनियम असतं, लोखंड असतं. समजा भंगारवाला त्याचे ४०० देतो आणि तुमचं डिपॉझिट ३०० आहे, तर गॅरेजवाला कशाला परत येईल? तांब्याचा भाव चढला की आमचे परत येणारे कोअर कमी होतात, हे मला दोन वर्षांनी कळलं, तोवर गॅरेजवाल्यांनाच शिव्या देत होतो. आता दर महिन्याच्या एक तारखेला भंगाराचा भाव विचारतो आणि डिपॉझिट त्याच्या वर ठेवतो.

कोअर आला की दारातच दोन मिनिटात ग्रेड लावायचा, उघडायचा नाही. पुली हाताने फिरवा, अडकते का, खरखर येते का, बाजूने हलते का. मागच्या जाळीला नाक लावा, जळकं वार्निश एकदा ओळखायला शिकलात की विसरत नाही, तो वास आला म्हणजे स्टेटर गेला समजा. ब्रॅकेटचे कान तुटलेत का बघा. आत गाळ, चिखल दिसतोय का बघा, पुरात बुडालेल्या गाडीचा अल्टरनेटर बाहेरून धुऊन चकाचक करून आणतात लोक. पुली, मागचं कव्हर, टर्मिनलचे नट जागेवर आहेत का. यावरून ग्रेड, सगळं नीट तर अ, एखादा मोठा पार्ट गेलेला वाटतोय तर ब, कान तुटलेला किंवा बुडालेला तर क. क घ्यायचाच तर भंगाराच्या भावाने. टॅग बांधा, त्यावर मॉडेल नंबर, ग्रेड, तारीख, कोणाकडून आला. टॅग तारेने बांधा, दोऱ्याचा टॅग पावसाळ्यात टिकत नाही. आणि कोअर ठेवायची जागा पत्र्याखाली हवी.

तिसरी पायरी, परत येण्याचा हिशोब

एक्सचेंजवर विकलेले सगळेच परत येत नाहीत आणि आले तरी लगेच येत नाहीत. एक साधी वही करा. मार्चमध्ये १०० विकले, त्यातले मार्चमध्येच किती जुने आले, एप्रिलमध्ये किती, मेमध्ये किती. समजा ६०, २० आणि ५ असं आलं, तर १५ कधीच आले नाहीत. सहा महिने ही वही लिहिली की तुमच्या धंद्याचा स्वभाव कळतो. मग पुढच्या महिन्यात किती कोअर येतील याचा अंदाज या महिन्याच्या विक्रीवरून बांधता येतो, आणि पडणारी तूट आधीच बाजारातून उचलता येते. ऐन वेळी कोअर शोधायला गेलात की समोरच्याला तुमच्या कपाळावर गरज लिहिलेली दिसते, भाव लगेच चढतो.

चौथी पायरी, रिकव्हरीचा तक्ता

हाच सगळ्यात महत्त्वाचा कागद. प्रत्येक मॉडेलसाठी, प्रत्येक ग्रेडसाठी वेगळा. शेवटचे निदान ५० कोअर उघडले त्यातून कुठला पार्ट किती वेळा वापरण्यालायक निघाला ते. अ आणि ब ग्रेडची सरासरी एकत्र काढू नका, काढलीत तर तो आकडा कुठल्याच बॅचला लागू पडत नाही.

पार्ट वापरण्यालायक आहे हे ठरवायचे नियमही लिहून ठेवा, नाहीतर एक फिटर पास करतो ते दुसरा फेकतो आणि तक्ता निरुपयोगी होतो. रोटरला दोन स्लिप रिंगमध्ये (शाफ्टवरच्या ज्या कड्यांवर ब्रश घासतात त्या) मीटर लावायचा, १२ व्होल्टच्या बऱ्याच मॉडेलना अडीच ते चार ओहमच्या आसपास येतं, नक्की आकडा मॉडेलचा बघा. स्लिप रिंग ते शाफ्ट काहीच दाखवता कामा नये, दाखवलं तर इन्शुलेशन गेलं. डायोड एका बाजूने ०.५ ते ०.६ व्होल्ट दाखवेल, उलट्या बाजूने बंद, दोन्हीकडून सारखं दाखवला की तो गेला. स्टेटर मात्र साध्या मीटरला फसवतो, वळणं आपसात शॉर्ट झालेली असली तरी मीटर ठीक दाखवतो कारण मुळात रेझिस्टन्सच फार कमी असतो, तिथे रंग आणि वास बघायचा आणि शेवटी बेंचवरच खरं कळतं. ब्रॅकेटमधली बेअरिंगची जागा बोअर गेजने (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) मोजा. बेअरिंग आतल्या आत फिरलेलं असेल तर तिथे आरशासारखी चमक दिसते, आणि ती चमक दिसली की नवीन बेअरिंग घालून काही उपयोग नाही, ते परत फिरणार.

बेअरिंग आणि ब्रश यांची रिकव्हरी शून्य धरायची. चांगलं दिसतंय म्हणून जुनं बेअरिंग ठेवायचा मोह मोठा असतो. नका ठेवू.

पाचवी पायरी, किती उघडायचे याचं गणित

आता एक उदाहरण घेऊ, आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. येत्या चार आठवड्यांत एका मॉडेलचे १०० द्यायचेत. तयार माल १२ आहे, महिन्याच्या शेवटी हाताशी ८ हवेत. म्हणजे बनवायचे १०० अधिक ८ वजा १२, एकूण ९६. बेंचवर काही फेल होतात, तेवढी सोय धरून १०० चे सेट लावू.

बिनमध्ये (पास झालेले पार्ट ठेवायची खोकी) आधीचे तपासलेले रोटर १०, स्टेटर ६, पुढचे ब्रॅकेट २२ आहेत. म्हणजे कोअरमधून काढायचे रोटर ९०, स्टेटर ९४, ब्रॅकेट ७८. रिकव्हरी तक्ता म्हणतो रोटर ७५ टक्के, स्टेटर ६० टक्के, ब्रॅकेट ९० टक्के. भागाकार करा. रोटरसाठी १२० कोअर उघडायला हवेत, स्टेटरसाठी १५७, ब्रॅकेटसाठी ८७.

एकाच प्रश्नाची तीन उत्तरं! नवीन माणूस सगळ्यात मोठा आकडा धरतो आणि १५७ उघडतो, कारण तेवढ्यात सगळं निघतं. पण मग २७-२८ रोटर आणि साठाच्या वर ब्रॅकेट जास्तीचे पडून राहतात, बिनमध्ये पैसा अडकतो. मी असा विचार करतो. १२० उघडले तर स्टेटर निघणार ७२, हवेत ९४, तूट २२. ही तूट भरायला दोन रस्ते आहेत, अजून ३७ कोअर उघडा किंवा २२ स्टेटर वाइंडिंगवाल्याकडून भरून (नवी तार गुंडाळून) घ्या. कोअरची किंमत ३५० आणि खोलून धुवायचे ६० धरले तर ३७ गुणिले ४१० म्हणजे १५,१७०. स्टेटर रिवाइंड करायला ४५० धरले तर २२ चे ९,९००. रिवाइंडिंग स्वस्त पडतं, वर जळलेल्या स्टेटरचं जुनं तांबं सुटतं ते वेगळं.

उत्तर दर वेळी असंच येईल असं नाही. कोअर स्वस्त असतील किंवा पुढच्या महिन्यात त्याच मॉडेलची मागणी वाढणार असेल तर जास्त उघडणं बरोबर ठरतं, जास्तीचे रोटर तेव्हा कामाला येतात. मुद्दा इतकाच की प्रत्येक पार्टचा वेगळा भागाकार करा आणि तूट कशाने भरायची ते पैशात तोला.

आता ७५ टक्के ही सरासरी आहे हे विसरू नका. ३० कोअर उघडले तर सरासरीने साडेबावीस रोटर निघायला हवेत, पण प्रत्यक्षात १८ पासून २७ पर्यंत काहीही निघू शकतं आणि त्यात कोणाची चूक नसते, नशिबाचा खेळ असतो. म्हणून अडणाऱ्या पार्टचे पाच-सहा तपासलेले नग कायम बिनमध्ये हवेत. आणि कमी निघाले की फिटरवर ओरडायच्या आधी ही रेंज आठवा, मी बऱ्याचदा उगाच ओरडलोय.

सहावी पायरी, थोडे थोडे सोडा

१२० एकदम नाही. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, १५-१५. चार आठवड्यांत आठ वेळा, बरोबर १२०. पंधराच का, तर आमच्या धुण्याच्या टबात एका वेळी १५ चे सुटे पार्ट नीट बसतात. तुमच्या सगळ्यात अरुंद जागेत जेवढं मावेल तेवढी तुमची बॅच. कोणाचा टब असेल, कोणाची भट्टी असेल, कोणाचा लेथ असेल जो शेजारच्यांचं जॉब वर्कही करतो.

दर बॅचनंतर मोजा, १५ मधून रोटर किती निघाले. अपेक्षा सव्वाअकराची, निघाले ९, तर पुढच्या बॅचला १७-१८ सोडा. निघाले १३, तर पुढची १२ ची करा. महिन्याच्या शेवटी कळण्यापेक्षा चौथ्या दिवशी कळलेलं बरं. तेल लागलेल्या हातांनी फिटर पाटीवर आकडा लिहितो, मी संध्याकाळी फोनवर शीटमध्ये भरतो, एवढीच आमची सिस्टिम.

खोलताना प्रत्येक कोअरचा एक ट्रे, कोअरचा टॅग ट्रेला लागतो. तपासणीपर्यंत पार्ट ट्रे सोडत नाहीत. तपासून पास झाला की मगच बिनमध्ये, आणि बिनवर मॉडेलचा रंग. आमचं ते ब्रॅकेटचं भजं झालं तसं पुन्हा होत नाही. कोणी गॅरेजवाला म्हणाला माझाच मला परत द्या, तर त्याच्या ट्रेला लाल टॅग, त्याचे पार्ट बिनमध्ये जात नाहीत. असे लाल टॅग महिन्याला मोजकेच घ्या कारण त्यात एक रोटर फेल झाला की सगळा ट्रे अडून बसतो.

सातवी पायरी, वेळेचं काय

इथे जुन्या पीपीसीवाल्यांची सगळ्यात मोठी अडचण. रूटिंग, म्हणजे कुठल्या पार्टवर कुठली कामं आणि किती वेळ, हे पक्कं नसतं. आमच्या इथे चांगल्या रोटरला साफसफाईसकट १० मिनिटं, स्लिप रिंगवर लेथ मारायचा असेल तर २५, नवीन स्लिप रिंग बसवायची तर तास. आता एका बॅचला ११ रोटर पास झाले, त्यात ६ सरळ, ४ लेथवाले, १ नवीन रिंगचा, तर २२० मिनिटं. दुसऱ्या बॅचलाही ११ च, पण २ सरळ, ६ लेथचे, ३ नवीन रिंगचे, तर ३५० मिनिटं. कागदावर दोन्ही बॅच सारख्या, पण एक जेवणाच्या सुट्टीनंतर थोड्या वेळात संपते आणि दुसरी दिवस खाते.

म्हणून दिवसाचा प्लॅन खोलायच्या आधी बनवू नका. खोला, धुवा, तपासा, मग प्रत्येक पार्टच्या जॉब कार्डवर लागतील त्याच कामांवर टिक करा, त्या टिकांची बेरीज म्हणजे उद्याचं काम. सोमवारी खोललेल्याचा प्लॅन मंगळवारी सकाळी. गिऱ्हाइकाला तारीख द्यायची ती तयार मालातून किंवा तपासलेल्या पार्टमधून, न उघडलेल्या कोअरच्या भरवशावर नाही. आणि रिवाइंडिंगला जाणारे स्टेटर पहिल्या दोन आठवड्यांतच पाठवून द्या, वाइंडिंगवाल्याच्या वार्निशला आणि भट्टीला त्याचा वेळ लागतो, तुमच्या घाईने ते वाळत नाही.

आठवी पायरी, नवीन लागणारं सामान

बेअरिंग आणि ब्रश १०० सेटला १०० सेट, यात अंदाज नाही. पुढचं ६३०३ आणि मागचं ६२०१ अशी जोडी बऱ्याच ठिकाणी असते पण मॉडेलप्रमाणे बदलते, जुनं हातात घेऊन नंबर वाचा. डायोड प्लेट आणि रेग्युलेटर मात्र रिकव्हरीवर चालतात, त्यांची तूट वरच्याच गणिताने काढायची. बेअरिंग ओळखीच्या अधिकृत डीलरकडून बिलानेच घ्या. एकदा आम्ही स्वस्तातली पेटी घेतली, डबा हुबेहूब, आणि दोन महिन्यांत अल्टरनेटर गुणगुणत परत यायला लागले. वाचवलेल्या पैशाच्या तिप्पट वॉरंटीत गेले.

नववी पायरी, टेस्ट आणि वॉरंटी

प्रत्येक नग बेंचवर, सॅम्पल नाही. नवीन मालात पार्ट सगळे एका घरचे असतात म्हणून सॅम्पलवर भागतं, इथे रोटर एका गाडीचा, स्टेटर दुसरीचा, प्रत्येक नग वेगळाच प्राणी. १२ व्होल्टच्या साध्या रेग्युलेटरवाल्याला १४ ते साडेचौदाच्या आसपास व्होल्टेज आणि प्लेटवर लिहिलेल्या रेटिंगइतका करंट, गार असताना आणि गरम झाल्यावर दोन्ही वेळा. कमजोर स्टेटर गार असताना पास होतो आणि गरम झाल्यावर झोपतो. आमच्याकडे फेल झालेले बरेचसे दुसऱ्या टेस्टलाच सापडतात.

पास झाल्यावर नंबर पंच करा आणि त्या नंबरसमोर कोणत्या ग्रेडचा कोअर होता, रोटर सरळ होता की लेथ मारलेला, स्टेटर रिवाइंड होता का, लिहून ठेवा. वॉरंटीत परत आला की हा नंबर काढायचा. आम्हाला असंच कळलं की परत येणाऱ्यांत लेथ मारून रिंग फार बारीक झालेले रोटर जास्त आहेत. मग रिंगच्या किमान व्यासाची हद्द वाढवली, रोटरची रिकव्हरी ८० वरून ७५ वर आली, म्हणजे जास्त कोअर लागायला लागले पण वॉरंटी निवळली. वरच्या उदाहरणातले ७५ टक्के तिथूनच आलेत. आणि लेबलवर रिमॅन असं स्पष्ट लिहा, मूळ कंपनीचं नवीन म्हणून खपवू नका.

उरलेल्याचं काय

फेल झालेला पार्ट त्याच दिवशी वेगळा, तांबं, अॅल्युमिनियम, लोखंड. मिसळून विकलं की भाव निम्मा. धुण्याच्या टबाच्या तळाला जो तेलकट गाळ बसतो तो गटारात सोडायचा नाही, वापरलेलं तेल आणि असा गाळ २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतो, त्यासाठी एमपीसीबीची (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची) परवानगी आणि मान्यताप्राप्त ठिकाणी पाठवल्याची पावती लागते, पुण्याच्या बाजूला रांजणगावला अशी सुविधा आहे. जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा, विशेषतः एक्सचेंजच्या बिलात जुन्याची किंमत कशी दाखवायची ते, कारण तिथे बहुतेकजण चुकतात.

जास्तीच्या पार्टला आम्ही हद्द घातलीय. तपासलेला पार्ट तीन महिने बिनमध्ये पडून राहिला की तो पुढच्या प्लॅनमध्ये आधी वापरायचा, सहा महिने झाले की तांब्यात. जीवावर येतं पण करायचं.

मॉडेल म्हातारा झाला की

प्रत्येक मॉडेलचं एक आयुष्य असतं. गाड्या नव्या असतात तेव्हा मागणीही नसते आणि कोअरही नसतात. मग मागणी वाढते आणि कोअर पुरत नाहीत, खरी कमाई याच काळात. शेवटी गाड्या मोडीत निघायला लागतात, कोअरचा पूर येतो आणि घेणारं कोणी नसतं. मुदत संपलेल्या वाहनांचे नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेत, रीतसर स्क्रॅप सेंटरमधून सुटे अल्टरनेटर मिळण्याची वाट त्यामुळे मोठी होऊ शकते. पण ते असतील म्हाताऱ्या गाड्यांचे. स्वस्त मिळतायत म्हणून भरायचे नाहीत. मी मॉडेलमागे शीटमध्ये एक ओळ ठेवलीय, गेल्या तीन महिन्यांत विकले किती आणि यार्डात कोअर किती. यार्डातला साठा तीन महिन्यांच्या गरजेच्या वर गेला की त्या मॉडेलची खरेदी बंद, डिपॉझिटही खाली.

मागच्या महिन्यात अशाच एका मॉडेलचे ६० कोअर तोलून विकले. टेम्पोत चढवताना आमचा पोरगा म्हणाला, साहेब यातले निम्मे तर अ ग्रेड आहेत. आहेतच. टॅग काढून घे म्हटलं, तारा परत वापरू.